अवकाश नेमकं कुठून सुरू होतं आणि त्याला दुसरं टोक आहे का?

चांदणवेल

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे जाणकार लोक आहेत म्हणून विचारते.

अवकाश कुठून सुरू होतं याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं सापडतंय. कुठे १०० किमी, कुठे ८० किमी. २०२१ च्या जुलैमध्ये दोन खासगी कंपन्यांचे मालक नऊ दिवसांच्या अंतराने वर जाऊन आले, व्हर्जिन गॅलॅक्टिकचं यान साधारण ८६ किमीपर्यंत गेलं आणि ब्लू ओरिजिनचं १०७ पर्यंत, आणि लगेच वाद सुरू झाला की व्हर्जिनवाले खरंच अंतराळात गेले की नाही. म्हणजे २० किमीचा फरक आणि त्यावर कोण अंतराळवीर आणि कोण नाही हे ठरतंय!

मला कळत नाही ते असं की हवा तर हळूहळू विरळ होत जाते ना, मग मध्येच एक रेघ कशी काय मारली? की जिथे गुरुत्वाकर्षण संपतं तिथून अवकाश धरायचं? आणि दुसरं टोक कुठे? चंद्र अवकाशात, सूर्य अवकाशात, त्याच्यापुढे पण अवकाशच, मग कुठे तरी ते "वेगळं काहीतरी" होतं का?

सविस्तर लिहिलंत तरी चालेल, वाचायला आवडेल.

---

गगनभेद

छान प्रश्न. आधी १०० किमीचं सांगतो.

त्या रेषेला कारमान रेषा म्हणतात, थिओडोर फॉन कारमान या हंगेरियन-अमेरिकन एअरोडायनॅमिक्सवाल्याच्या नावावरून. त्याचा मुद्दा अगदी साधा होता. विमान हवेत टिकतं ते पंखांना मिळणाऱ्या उचलीवर. वर जाल तशी हवा विरळ होते, म्हणजे तेवढीच उचल मिळवायला जास्त वेगाने जावं लागतं. पण वेग वाढत गेला की अजून एक गोष्ट घडते, पृथ्वी गोल असल्यामुळे त्या वेगामुळेच तुमच्या वजनाचा काही भाग आपोआप पेलला जातो, आणि वेग सेकंदाला पावणेआठ-आठ किमीच्या आसपास गेला की सगळंच वजन पेललं जातं, तेव्हा पंख लागतच नाहीत, तुम्ही कक्षेत असता. तर हवेवर तरंगणं संपून कक्षेत फिरणं जिथे सुरू होतं ती ही सीमा.

कारमानने याचं उदाहरण दिलं होतं ते मला फार आवडतं. १९५६ मध्ये आयव्हन किंचेलो याने बेल एक्स-२ हे रॉकेट विमान सुमारे ३८ किमी उंचीवर नेलं, वेग ताशी ३२०० किमीच्या आसपास. कारमानच्या हिशोबाने तिथेसुद्धा ९८ टक्के वजन हवाच पेलत होती आणि वेगामुळे फक्त २ टक्के. आणि ९० किमीच्या आसपास जा, चित्र उलटं होतं, तिथे हवेकडून जवळपास काहीच मिळत नाही. म्हणजे रेघ मनाला येईल तशी मारलेली नाही, तिच्यामागे एक कारण आहे, फक्त ती धारदार नाही, पट्टा आहे तो.

मग त्या पट्ट्यातून १०० हा आकडा कुणी काढला तर एफएआयने, म्हणजे विमानउड्डाणाचे जागतिक विक्रम नोंदवणारी संस्था. त्यांना विमानाचा विक्रम कुठला आणि यानाचा कुठला हे वेगळं ठेवायचं होतं, त्यासाठी गोल आकडा सोयीचा. लक्षात ठेवायला पण सोपा, म्हणून तोच सगळीकडे पसरला. माझं मत विचाराल तर १०० च ठेवावा, सगळ्या जगाला एकच आकडा माहीत असण्याचा फायदा मोठा आहे.

---

रात्रपाळी

गगनभेद, कारण बरोबर सांगितलंत पण निष्कर्षाशी सहमत नाही. त्याच कारणाने हिशोब पूर्ण केला तर उत्तर १०० येत नाही, ८० च्या घरात येतं. खुद्द कारमानच्या आकडेमोडीतलं उत्तरसुद्धा साधारण ८४ किमी असं दिलं जातं.

२०१८ मध्ये जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने हे सगळं नव्याने तपासलं. नुसती थिअरी नाही तर उपग्रहांच्या जुन्या कक्षांची नोंद घेऊन बसला. लंबवर्तुळाकार कक्षेतले उपग्रह प्रत्येक फेरीत एकदा पृथ्वीच्या जवळ येतात आणि परत लांब जातात. तर त्याला असे उपग्रह सापडले जे ८० ते ९० किमीच्या मधे डुबकी मारून परत वर गेले आणि पुढच्या फेरीला पुन्हा आले, एकदा नाही, अनेक फेऱ्या. म्हणजे १०० च्या बरंच खाली येऊनही ते "अवकाशातलेच" राहिले. ८० च्या खाली गेलेलं मात्र वाचत नाही. म्हणून त्याने ८० किमी सुचवलं, आणि मला ते पटतं, कारण इथे निसर्गानेच उत्तर दिलंय, उपग्रह परत येतो की जळतो एवढंच बघायचं. गोल वर्तुळाकार कक्षेची गोष्ट वेगळी, १०० किमीवर सतत फिरायचं म्हटलं तर एक फेरीही पूर्ण होणार नाही, पण म्हणून तिथे अवकाश नाही असं कसं म्हणणार.

अजून एक, मीसोस्फीअर हा वातावरणाचा थर संपतो तो पण साधारण ८५ किमीला. आणि अमेरिकेत तर आधीपासून ५० मैल धरतात म्हणजे ८०.५ किमी. बातम्यांमधला तो ८० तिथून आलाय.

एक्स-१५ ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६० च्या दशकातलं रॉकेट विमान, बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगून साधारण १४ किमीवर न्यायचे, तिथून सोडायचे, मग ते स्वतःचं इंजिन पेटवून वर. आता गंमत बघा, याला पंख होते, शेपूट होतं, सगळं विमानासारखं, पण वर गेल्यावर सुकाणू हलवून काहीच होत नव्हतं कारण सुकाणूवर आपटायला हवाच नाही, म्हणून नाकात आणि पंखांत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे छोटे छोटे झोत बसवले होते, नाक वळवायचं तर ते वापरायचे. आणि खाली येताना एका टप्प्यावर परत पंख काम करायला लागायचे. म्हणजे एकाच उड्डाणात पायलट विमान सोडून यानात गेला आणि परत विमानात आला! सीमा काय असते हे त्या पायलटांना हाताला जाणवलेलं आहे.

जो वॉकरने २२ ऑगस्ट १९६३ ला ते जवळजवळ १०८ किमीपर्यंत नेलं. ८० च्या वर एकूण आठ पायलट गेले. त्यातल्या हवाई दलाच्या लोकांना अंतराळवीराचे पंख (म्हणजे अंतराळवीर असल्याचा बिल्ला) लगेच मिळाले, आणि नासाच्या तिघा सिव्हिलियन पायलटांना, ज्यात खुद्द वॉकर होता, ते मिळाले २००५ मध्ये. तोपर्यंत वॉकरच्या मृत्यूला जवळपास चाळीस वर्षं झाली होती. म्हणून म्हणतो, आकडा हा नुसता कागदावरचा विषय नाही.

---

चांदणवेल

बापरे, एक्स-१५ चं हे माहीतच नव्हतं. दोघांचेही आभार.

पण मग कायद्यात काय आहे? देशाच्या हद्दीतून विमान न्यायला परवानगी लागते, उपग्रहाला लागत नाही. म्हणजे कायद्यात तरी कुठेतरी पक्की रेघ असणार ना?

---

कलम_दोन

हे माझ्या अभ्यासाचं क्षेत्र आहे म्हणून लिहितो. नाही, पक्की रेघ नाही. लोकांना विश्वास बसत नाही पण खरंच नाही.

१९४४ चा शिकागो करार म्हणतो की प्रत्येक देशाचा आपल्या जमिनीवरच्या हवाई क्षेत्रावर पूर्ण अधिकार आहे. किती उंचीपर्यंत ते लिहिलेलं नाही. १९६७ चा बाह्य अवकाश करार म्हणतो की अवकाशावर कुठलाही देश मालकी सांगू शकत नाही, ते सगळ्यांना खुलं. कुठून सुरू ते त्यातही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीपुढे हा विषय १९६० च्या दशकापासून आहे आणि आजही आहे. डेन्मार्कसारख्या एखाद्या देशाने आपल्या कायद्यात १०० किमी लिहून टाकलंय (२०१६ चा कायदा), पण ते त्यांच्यापुरतं.

मग काम चालतं कसं तर पायंड्यावर. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक वर गेला आणि कितीतरी देशांच्या डोक्यावरून फिरत राहिला, आणि कुणीही "आमच्या हद्दीत घुसलात" अशी तक्रार केली नाही. तिथेच व्यवहारात ठरून गेलं की कक्षेत फिरणारं ते अवकाशात. त्याच्या खाली विमानं उडतात ती फार तर विसेक किमीपर्यंत. मधल्या पट्ट्यात फारसं कुणी राहतच नव्हतं, म्हणून भांडण झालं नाही.

एकदा उलट बाजूने प्रयत्न झाला. १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया वगैरे विषुववृत्तावरच्या देशांनी बोगोटामध्ये जाहीर केलं की आमच्या डोक्यावर जी भूस्थिर कक्षा आहे (जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो), ३५,७८६ किमीवरची, तिचा आमच्या वरचा भाग आमचा. जगाने मानलं नाही. पण त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, ती कक्षा एकच आहे, जागा मर्यादित, आणि पैसेवाले देश आधी जाऊन बसणार ही भीती रास्तच होती.

काही मोठे देश, विशेषतः अमेरिका, उघड म्हणतात की व्याख्येची गरजच नाही. मला हे पटत नाही. पर्यटकांना ८०-१०० किमीवर नेणारी यानं नियमित झाली, २० ते १०० किमीच्या पट्ट्यात फुगे आणि हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटीहून वेगवान) वाहनं वाढली, की त्यांना विमानाचा कायदा लावायचा की अवकाशाचा? अपघात झाला तर भरपाईचे नियम दोन्हीकडे पूर्ण वेगळे आहेत. अपघात झाल्यावर ठरवण्यापेक्षा आधी ठरवलेलं बरं.

---

गगनभेद

कलम_दोन, हाच तर माझा मुद्दा, कायद्याला एक गोल आकडा हवा. रात्रपाळी, ८० चं शास्त्र मान्य आहे, पण हवेची वरची पातळी सूर्य किती सक्रिय आहे त्याप्रमाणे खालीवर होते, मग तुमचं ८० पण कधी ७५ कधी ८५ होणार. हलत्या गोष्टीवर कायदा कसा करायचा?

---

रात्रपाळी

हलते ते खरं, पण मोठा फरक पडतो तो वर, दोनशे-चारशे किमीवर. ८० च्या आसपास फार कमी हलते, म्हणूनच तर ती जागा चांगली.

वर किती हलते याचं उदाहरण, फेब्रुवारी २०२२. स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले होते, आधी २१० किमीच्या आसपास ठेवून तपासायचे आणि मग वर न्यायचे असा बेत. दुसऱ्याच दिवशी सौरवादळामुळे वरची हवा तापून फुगली, घर्षण निम्म्याने वाढलं, आणि सुमारे चाळीस उपग्रह गेले. १०० च्या दुप्पट उंचीवर, "अवकाशात", हवेने मारले. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळ स्थानक १९७९ मध्ये अंदाजापेक्षा लवकर पडलं त्याच्यामागे पण हेच कारण.

---

मृगशीर्ष

चांदणवेलताईंच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून मी लिहिते, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि मुलांना शाळेपासून तोच चिकटतो.

गुरुत्वाकर्षण १०० किमीला संपत नाही, ४०० किमीला संपत नाही, कुठेच संपत नाही, फक्त कमी होत जातं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किमीवर आहे, तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असते. नव्वद टक्के म्हणा! तरी आतली माणसं तरंगतात कारण स्थानक आणि माणसं दोघंही एकत्र पडतायत, सतत. सेकंदाला साडेसात किमीहून जास्त वेगाने आडवं जात असल्यामुळे ते जितकं खाली पडतं तितकीच पृथ्वी खाली वळलेली असते, म्हणून जमीन कधी लागतच नाही. वजन नाही असं वाटणं आणि ओढ नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ खरंच नसती तर चंद्र तरी कशाला थांबला असता.

म्हणून "गुरुत्वाकर्षण संपतं तिथून अवकाश" ही व्याख्या चालतच नाही. पण "पृथ्वीचा ताबा कुठपर्यंत" असं विचारलं तर उत्तर आहे. पृथ्वीपासून साधारण १५ लाख किमीपर्यंत तिची पकड सूर्याच्या पकडीला पुरून उरते, त्याच्या पलीकडे गेलेली वस्तू पृथ्वीभोवती टिकत नाही, ती सूर्याची होते. त्याच अंतरावर सूर्याच्या बाजूला एल-१ बिंदू आहे (सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीत यान सोबत टिकू शकतं अशी जागा) जिथे आदित्य यान आहे, आणि उलट बाजूला एल-२, जिथे जेम्स वेब दुर्बीण आहे. चंद्र ३,८४,४०० किमीवर म्हणजे आरामात या हद्दीत.

आणि हवा? तिचा शेवट शोधायला गेलात तर अजून मोठं आश्चर्य आहे. पृथ्वीच्या हवेतला सगळ्यात बाहेरचा भाग म्हणजे हायड्रोजनचा एक अतिविरळ ढग, त्याला जिओकोरोना म्हणतात. सोहो या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाच्या जुन्या निरीक्षणांवरून २०१९ मध्ये दाखवलं गेलं की तो ढग सुमारे ६,३०,००० किमीपर्यंत पसरलाय. म्हणजे चंद्र त्याच्या आत फिरतो! अर्थात चंद्राच्या अंतरावर एका घन सेंटीमीटरमध्ये सरासरी एक अणूसुद्धा नाही, श्वासाचा प्रश्नच नाही. पण काटेकोरपणे "हवा जिथे शून्य तिथून अवकाश" म्हटलं तर चंद्रावर गेलेले लोकही अवकाशात गेले नाहीत असं म्हणावं लागेल, म्हणून ती व्याख्याही बाद.

शरीराचं म्हणाल तर शरीराला अवकाश फार आधी सुरू होतं. अर्धी हवा साडेपाच किमीच्या खालीच असते, आणि १९ किमीच्या आसपास दाब इतका कमी होतो की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं. तिथे प्रेशर सूट नसेल तर तुमच्यासाठी ते अवकाशच.

---

उंबरठा

चांगला धागा. दुसऱ्या टोकाबद्दल मी थोडं लिहितो, माझा आवडता विषय आहे.

सूर्यातून सतत वारा वाहतो, विद्युतभारित कणांचा. तो सगळ्या ग्रहांना ओलांडून पुढे जातो आणि कुठेतरी ताऱ्यांमधल्या वायूच्या दाबाने अडतो. ती जागा म्हणजे हेलिओपॉज. आतलं ते सूर्याचं आवार, बाहेरचं आंतरतारकीय अवकाश. ही मात्र निसर्गाने मारलेली बऱ्यापैकी खरी रेघ आहे.

नासाचं व्हॉयेजर १ यान ती ओलांडून गेलं २५ ऑगस्ट २०१२ ला, सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण १२१ पट लांब. पण ते ओलांडलं हे कळलं कसं ही खरी गोष्ट. भोवतालच्या कणांची घनता (बाहेर ती जास्त असणार होती) थेट मोजणारं त्याचं उपकरण १९८० मध्येच बंद पडलेलं. आणि ज्यावर सगळे भिस्त ठेवून होते ते चुंबकीय क्षेत्र, त्याची दिशा अपेक्षेप्रमाणे बदललीच नाही. त्यामुळे शास्त्रज्ञांमध्ये जोरदार मतभेद, आत आहे की बाहेर. मग मदत सूर्यानेच केली. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला होता, त्याचा धक्का वर्षभर प्रवास करत एप्रिल २०१३ ला व्हॉयेजरपाशी पोचला आणि आसपासचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) थरथरला. दुसऱ्या एका उपकरणाच्या अँटेनाने ती थरथर टिपली, तिच्या वारंवारतेवरून घनता काढली तर ती आवारातल्या घनतेच्या चाळीस पट निघाली. म्हणजे बाहेर! मग मागच्या नोंदी पाहून ऑगस्ट २०१२ ही तारीख नक्की केली. सीमा ओलांडून गेल्यावर वर्षभराने कळलं की ओलांडली. व्हॉयेजर २ ने ५ नोव्हेंबर २०१८ ला ओलांडलं आणि त्याचं ते उपकरण चालू होतं त्यामुळे तेव्हा वाद झाला नाही.

पण "सूर्यमालेबाहेर गेलं" असं जे छापून येतं ते मला खटकतं. वारा संपला, सूर्याची ओढ नाही संपली. धूमकेतूंचा ऊर्ट मेघ त्याच्याही कितीतरी पलीकडे आहे, व्हॉयेजर १ ला त्याच्या आतल्या कडेला पोचायला सुमारे ३०० वर्षं लागतील आणि पार व्हायला ३०,००० वर्षं असा नासाचा अंदाज आहे.

---

चांदणवेल

चाळीस पट वाचून काटा आला अंगावर. शेवटचं एकच विचारते, मग याच्याही पलीकडे जात राहिलं, दोन दीर्घिकांच्या मधे वगैरे, तर तिथे तरी अगदी निव्वळ रिकामी जागा असते का? आणि सगळ्यात शेवटी काय?

---

उंबरठा

निव्वळ रिकामी नाही, कुठेच नाही. ताऱ्यांच्या मधे ढोबळमानाने घन सेंटीमीटरला एखादा अणू, दीर्घिकांच्या मधे घन मीटरला एक किंवा त्याहून कमी. पण अणू नसले तरी प्रकाश असतो. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला जो मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश सगळीकडे भरून राहिलाय त्याचे प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ४११ फोटॉन (प्रकाशकण) असतात, कुठेही जा. त्याच्यामुळे सगळ्यात रिकाम्या कोपऱ्याचं तापमानही निरपेक्ष शून्य (सगळ्यात कमी शक्य तापमान) नाही, त्याच्या वर २.७ अंश, म्हणजे २.७ केल्विन आहे.

शेवटाबद्दल, आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं असून अंतर एवढं जास्त कारण प्रकाश वाटेत असताना मधली जागाही ताणत गेली. पण ही कड नाही, तिथे भिंत नाही, तिथे कुणी असेल तर त्याच्याभोवतीही तेवढंच विश्व दिसत असणार. ही आपल्या दिसण्याची हद्द.

आणि पोचण्याची हद्द त्याहून जवळ आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, त्यामुळे आज आपल्यापासून साधारण १६०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे असलेल्या दीर्घिकेकडे आत्ता सोडलेला प्रकाशसुद्धा कधीच पोचणार नाही, कितीही काळ थांबलं तरी. त्या दीर्घिका आपल्याला दिसतात, कारण त्यांचा फार जुना प्रकाश आधीच निघालेला होता. त्यांनी आज सोडलेला प्रकाश मात्र इथे येणार नाही.